सात टक्के गॅडोलिनियम आणि कन्याकुमारीची पुडी

घाटकोपरला राहणाऱ्या, जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं आहे, ते थोडक्यात असं: आजीने कन्याकुमारीहून आणलेल्या रंगीत वाळूच्या पुडीत मधासारखे पिवळे, गोलसर, जड कण दिसले. ओळखीच्या एका लॅबमध्ये एसईएम म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ईडीएस (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखण्याची चाचणी) केलं, तर सॉफ्टवेअरने फॉस्फरस, सिरियम, लॅन्थनम, निओडिमियम, थोरियम आणि शिवाय सात टक्के गॅडोलिनियम दाखवलं. मोनाझाइट म्हणजे रेअर अर्थ मूलद्रव्यांचं फॉस्फेट खनिज; त्यातलं गॅडोलिनियमवालं मोनाझाइट हे नुकतंच मान्य झालेलं नवीन खनिज आहे, असं तिच्या वाचनात आलं. मग माझंही नवीन असू शकतं का? असलं तर आजीचं नाव देता येईल का? आणि ही वाळू घरात ठेवणं धोक्याचं आहे का?

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. तुझा कण साधा मोनाझाइट आहे आणि त्यातलं गॅडोलिनियम बहुतेक गॅडोलिनियम नाहीच. ते सिरियम आहे, दुसऱ्याच्या नावावर हजेरी लावून गेलेलं.

ईडीएसमध्ये प्रत्येक मूलद्रव्य ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण देतं, आलेखावर (स्पेक्ट्रमवर) त्यांची शिखरं उमटतात आणि सॉफ्टवेअर त्या शिखरांवरून नाव लावतं. सिरियम, गॅडोलिनियम यांसारख्या रेअर अर्थ मूलद्रव्यांची पंचाईत अशी, की ती पंधरा-सतरा भावंडं एकमेकांना खेटून बसलेली असतात आणि प्रत्येकाची एक नाही, एल मालिकेतली पाच-सहा शिखरं असतात. गॅडोलिनियमचं मुख्य शिखर, एल-अल्फा, ६.०६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला येतं. सिरियमचं एक दुय्यम शिखर, एल-गॅमा, येतं ६.०५ ला. फरक ०.०१ चा आणि तुझ्या डिटेक्टरची दोन शिखरं वेगळी पाहण्याची ताकद साधारण ०.१३ ची. म्हणजे दादर स्टेशनच्या पुलावरून खालच्या गर्दीतली जुळी भावंडं ओळखण्यातला प्रकार. मोनाझाइटमध्ये सिरियम भरपूर असतं, त्यामुळे त्याचं ते छोटं शिखरही दिसण्याइतकं उंच होतं. ऑटो-आयडेंटिफायचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर तिथे गॅडोलिनियम लिहून मोकळं होतं.

हे तुझं तुलाच तपासता येईल. स्पेक्ट्रमची मूळ फाइल मागून घे, नुसता टक्क्यांचा तक्ता नको. गॅडोलिनियम खरोखर सात टक्के असेल, तर त्याचं एल-बीटा शिखर ६.७१ च्या आसपास दिसलंच पाहिजे. सिरियमची कुठलीच एल रेषा तिथवर पोचत नाही. फक्त निओडिमियमची एक बारीक रेषा ६.६० ला असते, तिच्याशी गल्लत करू नकोस. ६.७१ ला सपाट मैदान असेल, तर गॅडोलिनियमचा विषय तिथेच संपला. माझा अंदाज सपाट मैदानाचाच आहे. मोनाझाइटमध्ये थोडंफार गॅडोलिनियम असतंही, टक्का-दीड टक्का, पण तेवढं ईडीएसच्या भरवशावर सांगायचं धाडस मी करणार नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब लागतो. तो शिखरं स्फटिकाने वेगळी करून मोजतो आणि उरलेला ओव्हरलॅप गणिताने वजा करता येतो. पवईला आयआयटीच्या अर्थ सायन्सेस विभागात आहे, तुमच्या सरांमार्फत रीतसर विचारता येईल.

आणि समज, सात टक्के खरे निघाले. तरीही ते मोनाझाइट-जीडी (जीडी हे गॅडोलिनियमचं चिन्ह) होत नाही. बहुतेक विद्यार्थी इथेच अडखळतात, म्हणून जरा थांबते. रेअर अर्थ खनिजाच्या नावामागे जे शेपूट लागतं, त्याची पद्धत लेव्हिन्सन यांनी १९६६ मध्ये सुचवली. स्फटिकातल्या त्या जागेवर ज्या रेअर अर्थचे अणू सगळ्यात जास्त, त्याचं चिन्ह नावापुढे. एखादं मूलद्रव्य नुसतं ‘आहे’ म्हणून नाव मिळत नाही, त्याला बाकी सगळ्या भावंडांपेक्षा जास्त मतं लागतात. तुझ्या कणात सिरियम निवडून आलेलं आहे, म्हणून तो मोनाझाइट-सीई. लॅन्थनम, निओडिमियम आणि समेरियम बहुमतात असलेली मोनाझाइटं आधीपासून मान्य होती. गॅडोलिनियमवालं स्लोव्हाकियातल्या प्राकोव्त्से गावाजवळच्या एका क्वार्ट्झ शिरेत सापडलं, त्याचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. तिथेही ते मुठीत मावेल असं काही नव्हतं. मायक्रॉनमध्ये मोजायचे कण, दुसऱ्या खनिजांत रुतलेले. निसर्गात सिरियम मुबलक आणि गॅडोलिनियम कमी, त्यामुळे गॅडोलिनियमने बहुमत मिळवायचं तर त्या ठिकाणच्या द्रवांनी हलकी भावंडं आधी कुठेतरी वेगळी काढलेली असावी लागतात. ही घटना विरळा. समुद्राकाठच्या वाळूत, जिथे हजार ठिकाणचे दगड झिजून एकत्र येतात, तिथे ती शोधायला जाऊ नये असं नाही, पण पैज लावू नये.

आजीच्या नावाचंही याच नियमात उत्तर आलं. मोनाझाइट गटातलं नवीन भावंड सापडलं तर आडनाव ठरलेलं आणि शेपूटही ठरलेलं, निवडायला काही उरत नाही. रचनाच सर्वस्वी नवीन असेल तेव्हा नाव सुचवता येतं. ते सहसा ठिकाणाचं, रसायनाचं किंवा या विषयात काम केलेल्या माणसाचं असतं. हयात व्यक्तीची परवानगी लागते आणि शोधणाऱ्याला स्वतःचं नाव देता येत नाही.

आता ‘नवीन खनिज सापडलं’ म्हणजे नेमकं काय होतं, ते सांगते. वर्तमानपत्रातली बातमी वाचून असं वाटतं की कुणीतरी वाकून काहीतरी उचललं. सापडणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचं एक मंडळ १९५९ पासून हे काम बघतं. त्याच्याकडे प्रस्ताव जातो, त्यात रासायनिक पृथक्करण, क्ष-किरणांनी काढलेली स्फटिकरचना, घनता, काठिण्य, प्रकाशीय गुणधर्म, नमुना कुठल्या संग्रहालयात ठेवला आणि तो नेमका कुठून आला, हे सगळं द्यावं लागतं. मग देशोदेशीचे सदस्य मत देतात. मान्यता येईपर्यंत नाव छापायचं नाही. आजवर अशी सहा हजारांहून अधिक खनिजं यादीत आहेत.

त्यातलं ‘कुठून आला’ हे कलम तुझ्या पुडीच्या मुळावर येतं. कन्याकुमारीच्या देवळाबाहेर ज्या रंगीबेरंगी वाळूच्या पुड्या मिळतात, त्या आपल्या अर्ध्या महाराष्ट्राच्या शोकेसमध्ये असतील, शंखांच्या गणपतीशेजारी. काळी म्हणजे बहुतेक इल्मेनाइट, लाल-गुलाबी म्हणजे गार्नेट, पांढरी क्वार्ट्झ. खनिजं खरी, पण विकणाऱ्याने ती कुठल्या किनाऱ्यावरून, किती ठिकाणांहून आणून मिसळली, हे कुणाला माहीत? उद्या त्यातून खरोखर काही अद्भुत निघालं, तरी ‘प्राप्तिस्थान: आजीचं शोकेस’ असं लिहून प्रस्ताव पाठवता येत नाही.

चुका काही फक्त विद्यार्थ्यांच्या होत नाहीत, आणि रेअर अर्थ फॉस्फेटांनी तर मोठमोठ्यांना दगा दिला आहे. स्वीडनचे बर्झेलियस घे, त्या काळातला रसायनशास्त्रातला शेवटचा शब्द. १८१५ मध्ये त्यांना फालूनच्या एका खनिजात नवीन ‘मृदा’, म्हणजे नव्या मूलद्रव्याचं ऑक्साइड, सापडली असं वाटलं. त्यांनी नॉर्स देव थॉरवरून तिला थोरिना म्हटलं. दहाएक वर्षांनी त्यांच्याच लक्षात आलं, की हे तर साधं यिट्रियम फॉस्फेट. माणूस मोठा, त्याने चूक जाहीर कबूल केली. १८२९ मध्ये नॉर्वेहून आलेल्या एका काळ्या खनिजात खरंखुरं नवीन मूलद्रव्य मिळालं, तेव्हा शिल्लक पडलेलं ते नाव त्यांनी याला देऊन टाकलं. तेच आजचं थोरियम. इकडे यिट्रियम फॉस्फेटला १८३२ मध्ये फ्रान्सच्या ब्यूदाँ यांनी नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून, अर्थ ‘पोकळ सन्मान’. बर्झेलियसना उघड टोमणा होता. ते खरं तर ‘केनोटाइम’ व्हायचं, पण अक्षर बदलून ‘झेनोटाइम’ झालं आणि टोमणाच पुसला गेला. आपल्याकडे नावात एक काना इकडचा तिकडे झाला तरी रेशनकार्ड दुरुस्तीला सहा महिने लागतात, ही चूक दोनशे वर्षं होत आली तरी कुणी दुरुस्त केलेली नाही.

मोनाझाइटची कथा उलटी. रशियात उरल पर्वताच्या दक्षिणेला मियासजवळच्या इल्मेन डोंगरात मेंगे नावाच्या जर्मन संग्राहकाला ते मिळालं, तेव्हा त्याने ते झिरकॉन म्हणून बाजूला ठेवलं. झिरकॉन नाही, हे जर्मन खनिजतज्ज्ञ ब्राइटहाउप्ट यांनी ओळखलं आणि १८२९ मध्ये मोनाझाइट नाव दिलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ एकटं राहणारा, कारण स्फटिक सुटे सुटे आणि विरळ मिळत. गंमत अशी, की याच्या आधी १८२३ मध्ये लेव्ही यांनी आल्प्समधल्या अशाच स्फटिकांना ‘टर्नेराइट’ म्हटलं होतं. ते मोनाझाइटच होतं, हे कळायला पुढची काही दशकं गेली. तोवर अमेरिकेत तिसरं नावही पडलं होतं. मग शोध कुणाचा? मेंगेचा, लेव्हींचा की ब्राइटहाउप्टचा? माझ्या मते, ते काय नाही हे ज्याने सिद्ध केलं, त्याचा. आणि एकांतवासाचं म्हणशील, तर या एकांतवासी खनिजाचा भारताच्या किनारी वाळूतला साठा आज सव्वा कोटी टनांच्या वर मोजला जातो.

तो साठा जगाला कळला तोही काथ्यामुळे. १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे पिवळे कण पाहिले. त्याला त्यांची किंमत ठाऊक होती, कारण तो गॅसबत्तीचा जमाना होता. लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायचे त्या पेट्रोमॅक्सच्या बत्त्या तू पाहिल्या नसशील, आजीला विचार. त्यातलं जाळीदार ‘मेंटल’ थोरियम ऑक्साइडचं असायचं, सुमारे एक टक्का सिरियम घातलेलं. थोरियम यायचं मोनाझाइटमधून. शोम्बर्गने मणवाळकुरिचीला कारखाना काढला. तीच मणवाळकुरिची, कन्याकुमारीपासून फार लांब नाही, तेव्हा तुझे कण त्याच बाजूचे असण्याची शक्यता चांगली आहे. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली. तिचं मुख्यालय आपल्या प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या रांगेत उभं राहून अनेकांनी ती पाटी वाचली असेल.

याच भागाने खरोखर एक नवीन फॉस्फेट खनिज दिलंही आहे. बोवी आणि हॉर्न या ब्रिटिश खनिजतज्ज्ञांनी १९५३ मध्ये त्रावणकोरमधल्या कुट्टाकुळीच्या नमुन्यांवरून ‘चेरलाइट’ जाहीर केलं. नाव जुन्या चेर राज्याचं. दिसायला मोनाझाइटचा भाऊ, रचनाही तीच, पण त्यात थोरियम आणि कॅल्शियम इतकं, की ते मोनाझाइटच्या चौकटीत बसेना. हिशोब सुंदर आहे: तीन भाराचे दोन रेअर अर्थ अणू बाहेर जातात, त्यांच्या जागी दोन भाराचं कॅल्शियम आणि चार भाराचं थोरियम येतं. सहाचे सहाच. विद्युतभार जुळला की स्फटिकाची तक्रार नसते. पुढे बरीच वर्षं नावावरून वाद चालला. नामिबियातलं ब्रॅबंटाइट आणि आपलं चेरलाइट यांतलं कुठलं नाव टिकायचं, यावर २००७ मध्ये चेरलाइटच्या बाजूने निकाल लागला. आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो भाग मद्रास राज्यात गेला, त्यामुळे केरळचं प्राचीन नाव मिरवणाऱ्या या खनिजाचं मूळ गाव आज तमिळनाडूत आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर चंद्रावरचं घे. चीनच्या छांग-अ ५ यानाने डिसेंबर २०२० मध्ये १.७३१ किलो माती आणली. बीजिंगच्या युरेनियम भूविज्ञान संस्थेतल्या लोकांनी त्यातले एक लाख चाळीस हजारांहून जास्त कण तपासले, तेव्हा सुमारे १० मायक्रॉनचा एक स्फटिक हाती लागला, म्हणजे केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. यिट्रियम असलेलं कॅल्शियम-लोह फॉस्फेट. सप्टेंबर २०२२ मध्ये ते छांगेसाइट-वाय म्हणून जाहीर झालं, चंद्रावर सापडलेलं सहावं नवीन खनिज. इथे प्राप्तिस्थानाचा प्रश्नच नव्हता, पत्ता अगदी खणखणीत.

आता माझी फजिती सांगते. नोकरीची सुरुवात होती. कांदिवलीच्या जुन्या खाणीतल्या बेसॉल्टचा तुकडा घासून एसईएमखाली ठेवला होता. भेगांमध्ये लखलखीत ठिपके दिसले, पृथक्करणात नुसतं सिरियम आणि ऑक्सिजन. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये सिरियमचं ऑक्साइड! मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बटाटेवडे सांगितले. आमचे वरिष्ठ वडा संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग रुमालाला हात पुसत विचारलं, “पॉलिश कशाने केलंस?” सिरियम ऑक्साइडने. काच आणि दगड चमकवायची ती गुलाबी पावडर प्रत्येक लॅबमध्ये असते आणि भेगांत जाऊन बसते. वड्यांचं बिल मीच भरलं. तेव्हापासून कुठलाही रेअर अर्थ दिसला की मी आधी तो नमुन्यात कसा शिरला असेल, याचा विचार करते. तुझा कण घासला होता की नुसता चिकटवला होता, ते लॅबला विचार. कुठली पावडर वापरली, तेही विचार.

त्यावरून आठवलं. पुष्कळ मुलं जुहू, अक्सा, गोराईच्या वाळूतले काळे पट्टे बाटलीत भरून आणतात आणि मोनाझाइट आहे का विचारतात. नाही. आपली मुंबई बेसॉल्टवर बसलेली आहे. त्यातून झिजून येतं ते मॅग्नेटाइट, इल्मेनाइट आणि ऑगाइट. बेसॉल्टमधला फॉस्फरस ॲपेटाइटमध्ये जातो. मोनाझाइट जन्मतं ग्रॅनाइटमध्ये, पेग्मटाइटमध्ये आणि केरळच्या खोंडालाइटसारख्या प्रचंड तापलेल्या रूपांतरित खडकांत. तिथल्या मोनाझाइटची वयं बहुतांशी ५५ कोटी वर्षांच्या आसपास येतात आणि तेही त्याच मायक्रोप्रोबवर काढता येतं, थोरियम, युरेनियम आणि त्यांच्यापासून साचलेलं शिसं मोजून. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटींचा, म्हणजे तुझ्या पुडीपुढे पोरसवदा.

धोक्याचं विचारलंस. भारतीय मोनाझाइटमध्ये थोरियम ऑक्साइड साधारण आठ ते दहा टक्के असतं, त्यामुळे किरणोत्सारी आहेच. पण शोकेसमधल्या पुडीत मोनाझाइट असून असून किती असणार, चिमूटभर. कोल्लमजवळ करुनागप्पळ्ळीला लोक पिढ्यान्‌पिढ्या अशा वाळूवर राहतात आणि तिथल्या हजारो रहिवाशांच्या दीर्घ अभ्यासात त्यापायी कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. तू फक्त ते कण कुटू नकोस, धूळ नाकात जाऊ देऊ नकोस, हाताळल्यावर हात धू. बंद बाटलीत, झोपायच्या जागेपासून लांब, एवढं पुरे. मात्र अणुऊर्जा कायद्याखाली मोनाझाइट हा ‘विहित पदार्थ’ आहे. साठवणं, विकणं, परदेशातल्या लॅबला कुरियर करणं, यातलं काही परवानगीशिवाय करायचं नाही. परदेशी प्राध्यापकाने कितीही गोड मेल पाठवली तरी.

मग आता करायचं काय? मायक्रोप्रोबची घाई नको. कॉलेजच्या लॅबमध्ये पोलरायझिंग मायक्रोस्कोप असेल, त्याखाली दोन-चार कण तेलात ठेवून बघ. मोनाझाइट आणि झिरकॉन दोन्ही ठळक, जाड कडांचे दिसतील. पण प्रकाशाच्या दृष्टीने मोनाझाइट द्विअक्षीय (दोन अक्षांचं) आणि झिरकॉन एकाक्षीय (एका अक्षाचं), मायक्रोस्कोपखाली ते दाखवणारी व्यतिकरण आकृती काढायला शीक. मेंगेने हेच केलं नव्हतं. ईडीएसवर या दोघांत आणखी एक सापळा आहे: झिरकोनियमची एल रेषा २.०४ ला आणि फॉस्फरसची के रेषा २.०१ ला. सॉफ्टवेअर इथेही खुशाल चुकतं. हातातला स्पेक्ट्रोस्कोप मिळाला तर कणांच्या ढिगावर चांगला प्रकाश टाकून बघ, निओडिमियममुळे पिवळ्या भागात काळा पट्टा दिसेल. इतक्या स्वस्त उपकरणात इतकं स्पष्ट उत्तर फार कमी वेळा मिळतं.

आणि आजीकडे बसून विचार, पुडी कुठल्या वर्षी आणली, देवळाजवळच्या दुकानातून की किनाऱ्यावरच्या मुलाकडून, एक होती की दोन मिसळल्या. जे सांगेल ते तारखेसकट कागदावर लिही आणि तो कागद बाटलीला चिकटव. पुढच्या वेळी दक्षिणेत गेलीस तर वाळू उचलायच्या आधी मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपून घे. ६.७१ ला काय दिसलं, ते मला नक्की कळव.